गाळ कमी झाला म्हणतात, पण गेला कुठे?

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रोज एक साधी चाचणी होते. ऑपरेटर एरेशन टाकीतून, म्हणजे खालून हवा सोडून पाणी सतत ढवळत ठेवतात त्या टाकीतून, बादलीभर पाणी काढतो. एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात ते ओततो आणि घड्याळ बघतो. सुरुवातीला सगळं एकसारखं तपकिरी दिसतं. दोन-चार मिनिटांत कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखं काहीतरी वेगळं होऊ लागतं, पुंजके एकमेकांना धरतात आणि वरून एक स्वच्छ रेघ हळूहळू खाली सरकते. अर्ध्या तासाने वर नितळ पाणी असतं आणि तळाला २००-२५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत तपकिरी थर. टाकी नीट चालत असेल तर त्या थराला ओल्या मातीचा वास येतो, मैल्याचा नाही.

वरचं पाणी नदीत जातं, त्याबद्दल फारशी तक्रार नसते. भांडणं होतात ती खालच्या थरावरून. तो टाकायचा कुठे, शेतात चालेल का, जाळला तर धुराचं काय? केंद्र चालवण्याच्या खर्चातला निम्म्यापर्यंत भाग या थराच्या मागे जाऊ शकतो. म्हणूनच ‘गाळ निम्मा करून देतो’, ‘गाळ होऊच देत नाही’ असं सांगणारे विक्रेतेही पुष्कळ असतात. हे दावे तपासायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. एकच प्रश्न घट्ट धरून ठेवायचा: कमी झालेला गाळ गेला कुठे?

गाळ म्हणजे बहुतांशी जिवाणू

घराघरांतून येणारं सांडपाणी ९९.९ टक्के पाणीच असतं. घाण उरलेल्या ०.१ टक्क्यात. तिचा जड भाग पहिल्या टाकीत आपोआप तळाला बसतो, तो झाला प्राथमिक गाळ. पण साबण, मूत्र, अन्नातले विरघळलेले पदार्थ पाण्यातच राहतात. ते गाळून निघत नाहीत, कुणीतरी खावेच लागतात. हे काम जिवाणू करतात.

१९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्यांदा पाणी स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागले. मग त्यांनी एक साधीच गोष्ट केली. तळाशी बसलेला थर फेकून न देता तसाच ठेवला, वर नवं सांडपाणी भरलं आणि पुन्हा हवा दिली. असं करत गेल्यावर आठवड्यांचं काम काही तासांत होऊ लागलं. थरात भुकेल्या जिवाणूंची फौज साठत गेली होती. जगभरातली बहुतेक मोठी केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात. म्हणजे ज्या गाळाला आपण कटकट म्हणतो, तोच तिथला कामगार आहे.

अडचण एवढीच की खाणारा जीव वाढतो. जिवाणूंनी एक किलो सेंद्रिय घाण खाल्ली की साधारण अर्ध्या किलोच्या आसपास नवे जिवाणू तयार होतात आणि बाकीची घाण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. टाकीत कामापुरते जिवाणू हवेत, पण ते रोज वाढत राहतात. रोजची ही वाढ बाहेर काढावी लागते. तिलाच जादा गाळ म्हणतात.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. प्राथमिक आणि जैविक गाळ मिळून दर माणशी रोज साधारण ५० ग्रॅम कोरडा गाळ निघतो. मूठभरच. पण १ लाख वस्तीचा धरला तर रोजचे ५ टन. आणि हे कोरडं वजन झालं. प्रत्यक्षात गाळ कोरडा कधीच नसतो.

पहिली घट पाण्याची

टाकीच्या तळातून निघणाऱ्या गाळात घन पदार्थ जेमतेम १ टक्का असतात. म्हणजे आपले ५ टन प्रत्यक्षात ५०० टन पातळ गाळ होऊन बाहेर येतात. हे प्रमाण १ वरून ५ टक्क्यांवर नेलं तर ५०० टनांचे १०० होतात. २० टक्क्यांवर नेलं तर २५. घन पदार्थ एक ग्रॅमही कमी झालेले नाहीत, तरी पन्नास ट्रकांचा माल अडीच ट्रकांत बसला. गाळ कमी करण्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी चर्चेतली घट ही आहे.

काम वाटतं तितकं सोपं मात्र नाही. ओला स्पंज पिळला की पाणी सुटतं, कारण ते छिद्रांत मोकळं असतं. गाळातलं पाणी तसं नसतं. काही पाणी जिवाणूंच्या पेशींच्या आत असतं आणि काही त्यांच्याभोवतीच्या बुळबुळीत, जेलीसारख्या आवरणात अडकलेलं असतं. नुसता दाब दिला तर हा लगदा कापडातून तसाच पलीकडे जातो. म्हणून आधी पॉलिमर नावाचं रसायन मिसळतात. त्याचे लांब धागे बारीक कणांना एकत्र बांधतात, पुंजके मोठे आणि घट्ट होतात, आणि मग फिल्टर प्रेस किंवा वेगाने फिरणारं सेंट्रिफ्यूज त्यातलं पाणी काढतं. बाहेर पडतो तो ‘केक’: हातात धरता येईल अशी ओलसर काळी माती. पॉलिमर कमी पडला की केक सैल येतो आणि यंत्रातून परत जाणारं पाणी गढूळ दिसतं. ते गढूळ पाणी पुन्हा केंद्राच्या तोंडाशी जातं आणि तोच गाळ दोनदा फिरतो. नवं यंत्र घेण्याआधी पॉलिमरची मात्रा आणि मिसळण्याची पद्धत तपासली तरी पुष्कळ ठिकाणी फरक पडतो, असं माझं मत आहे.

उपाशी ठेवलं तर?

आता खरी घट, म्हणजे कोरड्या वजनातली. माणसाला पुरेसं अन्न मिळालं नाही तर शरीर स्वतःची चरबी जाळतं. जिवाणूंचंही तसंच आहे. अन्नाच्या मानाने जिवाणू जास्त ठेवले की ते स्वतःचाच साठा जाळतात, मेलेल्यांच्या अवशेषांवर जगतात आणि एकूण वाढ मंदावते.

किती उपाशी ठेवायचं हे ‘गाळाच्या वया’वरून ठरतं. एक जिवाणू बाहेर काढला जाण्याआधी सरासरी किती दिवस टाकीत राहतो, ते त्याचं वय. नेहमीच्या केंद्रात हे ५ ते १५ दिवस असतं. दीर्घ हवेच्या पद्धतीत ते २० ते ३० दिवसांपर्यंत नेतात, आणि गाळ पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होऊ शकतो.

मग तो हिस्सा गेला कुठे? हवेत, कार्बन डायऑक्साइड होऊन. पण जाळायला ऑक्सिजन लागतो. एक किलो जिवाणू पूर्ण जाळायला १.४२ किलो ऑक्सिजन द्यावा लागतो आणि तो देतात ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारी यंत्रं. केंद्राच्या विजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आधीच ब्लोअर खातात. म्हणजे गाळाच्या वाहतुकीचं बिल कमी झालं तरी विजेचं वाढतं. टाकीही मोठी लागते. थंड हवामानात जिवाणूंची ही स्वतःला जाळण्याची गती मंद होते, त्यामुळे हिवाळ्यात फायदा घटतो. लहान केंद्रांना हा सौदा अनेकदा परवडतो, कारण तिथे गाळासाठी वेगळी यंत्रणा उभारणं त्याहून महाग पडतं. मोठ्या केंद्रांना सहसा परवडत नाही.

पेशी फोडून पुन्हा खायला घालणं

जिवाणू स्वतःहून मरेपर्यंत थांबायचं कशाला, असा विचार करून निघालेले बरेच उपाय आहेत. गाळाचा एक प्रवाह वेगळा काढायचा, त्यावर ओझोन, ध्वनिलहरी, उष्णता किंवा दाब यांचा मारा करून पेशींच्या भिंती फोडायच्या आणि आतला रस टाकीत परत सोडायचा. तो रस बाकीच्या जिवाणूंचं अन्न होतो. खाणाऱ्याने खाल्लेल्यातला अर्धाच भाग वाढीला लागतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत काही भाग हवेत जातो. तत्त्व पक्कं आहे आणि ओझोनने गाळ खरोखर कमी होतो. प्रश्न उरतो तो ओझोन बनवायच्या विजेचा, आणि परत आलेलं अन्न जाळायला लागणाऱ्या जादा हवेचा.

गाळ आलटून पालटून हवेविना आणि हवेत ठेवण्याची एक पद्धत आहे. जिवाणूंची अन्नातून ऊर्जा साठवण्याची क्रिया बिघडवणारी रसायनंही आहेत, पण त्यातली बरीच विषारी असल्याने नदीत जाणाऱ्या पाण्यात ती मला नको वाटतात. आणि अळ्या! गाळ खाणाऱ्या गांडुळवर्गातल्या बारीक अळ्या प्रयोगशाळेत चांगलं काम करतात. गवत, गवत खाणारा, त्याला खाणारा: प्रत्येक पायरीवर बरंचसं अन्न उष्णता होऊन निघून जातं, तेच इथे घडतं. पण मोठ्या टाकीत या अळ्या एखाद्या महिन्यात भरपूर दिसतात आणि पुढच्या महिन्यात नाहीशा होतात. भरवशाची पद्धत म्हणून त्या अजून मोठ्या प्रमाणावर रुळलेल्या नाहीत.

हवा न देता कुजवणं

माझ्या मते मोठ्या केंद्रासाठी सगळ्यात शहाणा मार्ग हा आहे. काढलेला गाळ हवाबंद टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास पंधरा-वीस दिवस किंवा जास्त ठेवायचा. ऑक्सिजन नसताना जगणारे वेगळे जिवाणू तिथे कामाला लागतात आणि सेंद्रिय भागाचा वायू करतात. त्यातला ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, म्हणजे इंधन. ब्लोअर लावायचे नाहीत. उलट वीज आणि उष्णता हाती येते.

हे जिवाणू फार कमी वाढतात. हवेतल्या जिवाणूंना अन्नातून भरपूर ऊर्जा मिळते, म्हणून ते झपाट्याने शरीर बांधतात. इथे बरीचशी ऊर्जा मिथेनमध्येच राहते, शरीर बांधायला थोडीच उरते. म्हणून गाळातून नवा गाळ फारसा होत नाही.

आपल्या ५ टनांवर हे लावून पाहू. त्यातले पावणेचार टन सेंद्रिय आणि बाकी वाळू-खनिजं. सेंद्रियातला निम्मा भाग वायू झाला तर जवळपास दोन टन कमी झाले आणि तीन टन उरले. २० टक्क्यांच्या केकमध्ये ते १५ टन भरतात. न कुजवता हाच केक २५ टन होता.

यापुढची पायरी म्हणजे डायजेस्टरआधी गाळ प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात वाफेने १६० ते १७० अंशांपर्यंत तापवणं आणि अर्ध्या तासाने दाब एकदम सोडणं. पेशी फुटतात, बुळबुळीत आवरण विरघळतं, रोगजंतू मरतात, कुजणं वेगाने होतं आणि केकही जास्त कोरडा मिळतो. सेंद्रिय भाग ६० टक्के गेला आणि केक ३० टक्क्यांचा आला तर आपले २५ टन नऊच्या आसपास येतात. ही पद्धत पूर्ण प्रमाणावर १९९०च्या दशकात नॉर्वेत सुरू झाली. अमेरिकेच्या राजधानीतल्या ब्लू प्लेन्स केंद्राने ती २०१५ च्या सुमारास घेतली. त्याआधी तिथे गाळ निर्जंतुक करायला चुना मिसळत, आणि चुन्याचं वजनही ट्रकमध्ये भरून न्यावं लागत असे. आता ते गेलं.

किंमत इथेही आहेच. कुजताना पेशींमधला नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो आणि ते पाणी केंद्रात परत येतं. त्याची वेगळी सोय केली नाही तर एरेशन टाकीवर भार पडतो. आणि वायूची गळती होऊ देता येत नाही, कारण मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा हवामान कितीतरी जास्त तापवतो.

मग सुरुवातीपासूनच हवा का द्यायची?

वाचकाला इथे ही शंका येणारच. सांडपाण्यालाच थेट हवाबंद टाकीतून काढलं तर गाळ आधीच कमी होणार नाही का? होतो. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी टाकी विकसित केली आणि उष्ण प्रदेशांत ती पुष्कळ ठिकाणी चालते. पण घरगुती सांडपाणी फार पातळ असतं. ते तापवायचं तर सगळं पाणी तापवावं लागतं, म्हणून थंड ठिकाणी ही पद्धत अडखळते. बाहेर पडणारं पाणी नदीत सोडण्याइतकं स्वच्छ नसतं, पुढे हवेची पायरी लागतेच. शिवाय मिथेनचा काही भाग पाण्यात विरघळून निघून जातो.

पावडर टाकली की गाळ संपतो का?

जादा जिवाणूंच्या किंवा विकरांच्या (एन्झाइमच्या) पिशव्या विकणारे हेच सांगतात. आपण हिशेब करू. ५,००० घनमीटरच्या एरेशन टाकीत दर लिटरला ३ ग्रॅम जिवाणूयुक्त गाळ धरला तर टाकीत १५ टन साठा झाला. त्यात २५ किलोची पिशवी टाकली. बाहेरून आलेले ते जिवाणू त्या टाकीत वर्षानुवर्षं मुरलेल्यांशी स्पर्धा करणार, आणि बहुतेक वेळा हरणार. विकर पेशींचे अवशेष तोडू शकतात, पण तुटलेलं अन्न कुणीतरी खाणार, त्यासाठी ऑक्सिजन लागणार आणि पुन्हा थोडी वाढ होणारच. नवं केंद्र सुरू करताना किंवा विषारी पाण्याने टाकी मेल्यावर बाहेरून जिवाणू आणावे लागतात, हे खरं. त्यासाठी लोक शेजारच्या केंद्रातून टँकरभर चांगला गाळ आणतात.

याहून मोठी फसवणूक मी एका केंद्रात स्वतः पाहिली आहे. नोंदवहीत कित्येक आठवडे ‘गाळ काढला: शून्य’ असं लिहिलेलं होतं, आणि ते अभिमानाने दाखवलं गेलं. दुपारचा पाण्याचा नमुना खरोखर नितळ होता. मी सकाळी, जेव्हा सगळीकडून एकदम पाणी येतं तेव्हा, शेवटच्या टाकीच्या काठावर उभा राहिलो. मोजपात्रातल्यासारखेच तपकिरी पुंजके काठावरून ओढ्यात वाहत होते, ढगासारखे. गाळ कमी झालाच नव्हता. ज्या वेळी कुणी नमुना घेत नाही त्या वेळी तो नदीत जात होता. म्हणून गाळ कमी झाल्याचा दावा तपासताना तीन आकडे एकत्र मागावेत: किती घाण आत आली, दिवसभराच्या मिश्र नमुन्यात बाहेरच्या पाण्यात किती गेली, आणि टाकीतला साठा वाढला की घटला. मला यातला एकही आकडा सुटलेला चालत नाही.

शेतात टाकला की झालं ना?

एकेकाळी गाळ लांब नेऊन टाकणं हाच उपाय मानत. लंडनने १८८७ पासून तो बोटींनी समुद्रात नेऊन ओतला, थेट १९९८ पर्यंत. न्यूयॉर्कचा समुद्रातला गाळ १९९२ मध्ये थांबला. समुद्र बंद झाल्यावर शेत आणि भट्टी असे दोन मुख्य रस्ते उरले.

शेतात टाकण्यात अर्थ आहे. गाळात नायट्रोजन, फॉस्फरस आणि सेंद्रिय माती असते. पण कारखान्यांचं पाणी त्याच गटारात येत असेल तर जड धातूही येतात, आणि ते कुजत नाहीत, जळत नाहीत. अलीकडे भर पडली ती पीएफएएस नावाच्या, निसर्गात जवळजवळ न मोडणाऱ्या रसायनांची. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये त्यामुळेच शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली. स्वित्झर्लंडने २००६ पर्यंतच हा रस्ता बंद केला होता. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कुजवून सेंद्रिय भाग निम्मा केला की धातू तेवढेच राहतात, म्हणजे उरलेल्या प्रत्येक किलोत त्यांचं प्रमाण वाढतं. धातूंवरचा खरा उपाय केंद्रात नाही. तो कारखान्याच्या दाराशी आहे, पाणी गटारात सोडण्याआधी.

जाळलं तर सेंद्रिय भाग पूर्ण जातो आणि राख उरते. पण ओला केक स्वतःहून पेटत नाही. आधी पाणी उडवायला इंधन लागतं, म्हणून भट्टी असली तरी पिळण्याचं काम तेवढंच महत्त्वाचं राहतं.

जो भाग कमी होऊच शकत नाही

कार्बन हवेत पाठवता येतो, नायट्रोजनही वायू करून पाठवता येतो. फॉस्फरसला असा रस्ता नाही. तो पाण्यात राहतो नाहीतर गाळात, तिसरी जागाच नाही. नदीत गेला तर शेवाळ माजतं, म्हणून केंद्रं तो मुद्दाम गाळात ओढतात. त्यामुळे ‘गाळ शून्य’ म्हणणाऱ्याला फॉस्फरसचं काय केलं, हे विचारावंच लागतं. गाळ काढला नाही तर तो पाण्याबरोबरच गेलेला असणार.

आणि हा घटक फेकण्यासारखाही नाही. खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेट खडकाचे जगातले बहुतांश साठे मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या पट्ट्यात एकवटलेले आहेत. जर्मनीने २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातून किंवा त्याच्या राखेतून फॉस्फरस परत मिळवणं बंधनकारक केलं आहे.

डायजेस्टरनंतरच्या पाइपांत पूर्वी एक पांढरट, दगडासारखा थर जमायचा, इतका की पाइप हळूहळू बुजत जाई आणि हातोडी घेऊन तो फोडावा लागे. तो थर म्हणजे मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचे खडे, स्ट्रुवाइट. आता काही केंद्रांत गाळातून सुटलेल्या पाण्यात मॅग्नेशियम घालून हेच खडे वेगळ्या टाकीत मुद्दाम वाढवतात आणि मोहरीएवढे पांढरे दाणे खत म्हणून विकतात. केंद्रात येणाऱ्या फॉस्फरसचा मात्र थोडाच भाग या दाण्यांत येतो. बाकीचा केकमध्येच राहतो, आणि केक जाळला तर राखेत.